दोन वीत स्टेअरिंग

आमच्या मायने गाडीचं स्टेअरिंग भंगारवाल्याला देऊन दोन प्लॅस्टिकचे टब घेतले, हे मला कळलं तेव्हा मी लातूरला शाळेत सातवीच्या वर्गावर होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम मीच केलेला. तरी घेतला, कारण माय नांदेडहून भरदुपारी कधी फोन करत नाही.

"बाई, अण्णा बोलंना झालेत," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू. त्यातून कसेबसे उठून ते आता काठी घेऊन अंगणापर्यंत यायला लागले होते. मी फळ्याला टेकून विचारलं, "काय झालं? तोंड वाकडं झालं का? जीभ जड झाली का?"

"जीभ चांगली हाय. शेजाऱ्यासंगं बोलायलेत, पेपरवाल्यासंगं बोलायलेत. माझ्यासंगं बोलंना झालेत. स्टेरिंग गेलं म्हणून."

मी सातवीच्या समोर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ही गाडी काय होती ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अण्णा नांदेडच्या बस डेपोत फिटर होते. तिथं असतानाच त्यांनी सरकारी लिलावात एक जुनी अँबॅसिडर घेतली. कुण्या साहेबाची होती. घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर तिचं छप्पर कापलं. माय सांगते, चांगल्या घराचं छप्पर उडवणारा हा एकच माणूस तिनं पाहिला. मग मागची सीट काढून तिथं चौथरा केला, चौथऱ्याला बसमधल्या दांड्यांचा कठडा लावला, सगळी गाडी निळी रंगवली आणि तीन सुरांचा हॉर्न बसवला. आमच्या वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीत फोटो कायम आमच्याच गाडीत, आणि गाडी चालवणार फक्त अण्णा. बाकीचं वर्ष ती वरातीला जायची. ज्या गावात आम्हाला पाणी वरून वाढायचे, त्या गावचे नवरदेवसुद्धा तिच्यात बसून गेले. अण्णा म्हणायचे, लग्नाच्या दाट तिथीला गाडी मिळंना झाली की कुणी ड्रायव्हरची जात इचारत न्हाई.

स्टेअरिंग मात्र अँबॅसिडरचं नव्हतं. मूळचं तडकलं होतं. अण्णांनी त्याचा मधला लोखंडी भाग ठेवला आणि किनवटच्या एका सुताराकडून सागाचं कडं करून घेतलं, मूळच्यापेक्षा मोठं. कडं कसं होतं ते आम्ही कुणी पाहिलंच नाही, कारण पहिल्या दिवसापासून त्यावर काळ्या रेक्झिनचं कव्हर शिवलेलं. पावसाळ्यात ते स्टेअरिंग घट्ट करायला म्हणून अण्णांनी काढलं आणि त्याच आठवड्यात त्यांच्यावरून वारं गेलं. ते दवाखान्यात पडलेले आणि स्टेअरिंग न्हाणीच्या मागं पडलेलं. मायला वाटलं, तुटकं आहे. कव्हर चांगलं होतं म्हणून तिनं ते उसवून ठेवून घेतलं, उरलेलं भंगारवाल्याला दिलं. अण्णांना ते कळलं ते आता, जयंतीसाठी गाडी काढायची म्हटल्यावर.

"लाकूड होतं की नुसतं," ती मला म्हणाली. "वर लोखंडाचा खेकडा. मला काय सपान पडलं का?"

मी शनिवारी नांदेडला गेले. अण्णा ओसरीत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. जयंती दीड महिन्यावर होती. जयंती कमिटीची माणसं येऊन गेली होती आणि त्यांनी अदबीनं सांगितलं होतं की अण्णा, गाडी आठ दिवस आधी तयार दिसली तर ठीक, नाहीतर आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली सजवतो, तुमची तब्येत महत्त्वाची. या वाक्यात अण्णांना फक्त ट्रॉली ऐकू आली होती. जेवण सोडलं नव्हतं, पण वरण-भाताकडं असं बघायचे की जणू ते ट्रॉलीतून आलं आहे.

माय मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "बाई, सहा महिने हे त्या गाडीसाठी उठलेत. डॉक्टरच्या गोळीनं न्हाई उठले. गाडी न्हाई निघाली तर हे पुन्हा बाजेवरून उठत न्हाईत, तू लिहून ठेव." टब कोपऱ्यात होते. एक लाल, एक पिवळा. मला त्यांच्याकडं बघवेना.

मी टेप घेऊन अण्णांपुढं बसले. म्हटलं, माप सांगा, मी शोधून आणते. त्यांनी टेप बाजूला सारला. सुतळी मागितली.

इथं अण्णांच्या मापाबद्दल सांगायला पाहिजे. या माणसानं आयुष्यात टेप वापरला नाही. क्लचची ढील दोन बोटं, पंख्याचा पट्टा एक अंगठा दबला पाहिजे, हेडलाइट जमिनीपासून चार वीत. सगळं एका शंभरपानी वहीत लिहिलेलं. डेपोत साहेब लोक मशीन लावून मोजायचे आणि मग गुपचूप अण्णांना बोलावून बोट लावून घ्यायचे. "टेप ताणतो, गंजतो, खोटं बोलतो," ते म्हणायचे. "हात खोटं बोलत न्हाई." त्यांची वीत साडेआठ इंच, हे अख्ख्या डेपोला पाठ होतं. आमच्या घराच्या दाराचं मापही त्यांनी सुताराला वितीत सांगितलं. सुतार बुटका होता, त्यानं स्वतःच्या वितीनं मोजलं. तेव्हापासून आमच्याकडं येणारा प्रत्येक बरा माणूस वाकून आत येतो. अण्णा म्हणायचे, लोकं मान देऊन राहिलेत.

या वितीशी माझं जुनं भांडण होतं. अठराव्या वर्षी मी म्हटलं, मला गाडी शिकवा. त्यांनी माझा पंजा आपल्या पंजाला लावला. "बोटभर कमी हाय," म्हणाले. "ही जड गाडी हाय बाई. तुझा हात लहान हाय." झालं. पुढं मी नोकरीला लागले, स्वतःची छोटी गाडी घेतली, शिरूर अनंतपाळच्या खड्ड्यांतून निवडणुकीच्या ड्युटीवर एकटी गेले. त्या निळ्या गाडीला मात्र हात लावायचा म्हटलं की तेच. तुझा हात लहान हाय. माझी चाळिशी उलटली तरी माझा हात काही वाढला नाही, आणि माझा राग काही कमी झाला नाही.

तर त्यांनी सुतळी घेतली. उजवाच हात पुढं केला, कारण त्यांच्या मते उजव्या हाताचीच वीत खरी. अंगठा ठेवला, करंगळी ताणली. कपाळावर घाम आला, चेहरा लाल झाला. एक वीत. पुन्हा अंगठा, पुन्हा ताणली. दोन वीत. "बांध गाठ," म्हणाले. "इकडून तिकडं बरोबर दोन वीत. एक बोट कमी चालणार न्हाई. मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीनं जाती. कमी येगात स्टेरिंग लई जड होतंय, लहान असलं तर फिरत न्हाई." मी गाठ बांधली. लाल चेहरा टबांच्या रागामुळं आहे असं मला वाटलं. माय दारात उभी होती, काही बोलली नाही. मला वाटलं, तीही टबांमुळंच गप्प आहे.

भंगारवाला देगलूर नाक्याच्या पलीकडं सापडला. पंख्यांच्या, कुकरच्या आणि सायकलींच्या ढिगावर खुर्ची टाकून बसला होता. मी विचारलं तर त्याला लगेच आठवलं.

"लकडी का स्टेरिंग ना, आपा? भोत वजनी था. वो लातूर की गाडी में गया."

"लातूरला कुणाकडं?"

"बैठो, चाय पिओ. अम्मा कैसे हैं? टब बराबर हैं ना?"

मी म्हटलं, टबांचं नाव काढू नका. त्यानं चहा पाजला आणि लातूरच्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला. म्हणजे ज्या गावात मी राहते, जिथून मी पेट्रोल वाचवायला तीन तास एसटीत आदळत आले, त्याच गावात स्टेअरिंग माझ्या आधी पोचलं होतं.

लातूरचा व्यापारी जाड काचांचा चष्मा लावून तांबं निवडत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं की लाकडाचं स्टेअरिंग शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातल्या माणसानं नेलं. गावात पाणी सोडणारा आहे. "पाण्याच्या व्हॉलला दांडी पाहिजे होती त्याला. त्यानं म्हटलं, हे जमतंय."

मी पुढच्या रविवारी त्या खेड्यात गेले. टाकी कुठं आहे हे विचारावं लागलं नाही. घागरींची रांग जिथून सुरू होत होती तिथं मागं मागं जात राहिले. आठ दिवसांनी पाणी सुटायचा तो दिवस होता. टाकीखाली विटांचा एक हौद, त्यात व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हवर चांगलं ठसठशीत स्टेअरिंग, पत्र्याच्या पेटीला देतात तसा आकाशी ऑइलपेंट दोन हात दिलेला. एक म्हातारा धोतर वर खोचून ते दोन्ही हातांनी फिरवत होता. एक चक्कर फिरवायचा आणि खाली बघून म्हणायचा, "आता बौद्धवाड्याला." पुन्हा फिरवायचा, "आता पाटील गल्लीला." घाटात बस घातल्यागत त्याचा रुबाब होता.

मी सगळी कहाणी सांगितली. वडील, गाडी, जयंती, टब. तो कडेच्या दगडावर बसून मन लावून ऐकत होता.

"न्या की बाई," तो म्हणाला. "ग्रामपंचायतीनं दांडी मंजूर केलीया. ती येईल तवा येईल. तवर पान्यानं फिरवतो. पण ह्याच्यासारखं सुख न्हाई बघा. पयलं दोन माणसं लागायची, आता मी एकटा गाव भिजवतो."

मी पर्समधून सुतळी काढली आणि स्टेअरिंगवर आडवी धरली. सुतळी पोचली नाही. चांगली चार बोटं कमी पडली. दुसऱ्या बाजूनं धरली, पुन्हा चार बोटं. म्हाताऱ्यानं एक टोक धरलं, मी एक टोक धरलं. चारच बोटं.

"सुतळी आकसली असंल," तो म्हणाला.

"पर्समध्ये होती. आकसायला काय झालं?"

"माप कुणी घेतलंया?"

"माझ्या वडिलांनी. हाताच्या वितीनं."

"मंग माप बरोबर हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "मंग हे दुसरं असंल."

मलाही तेच वाटलं. अण्णांची वीत चुकते हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सूर्य चुकला असता. सागाचं कडं होतं की नाही हे त्या ऑइलपेंटखाली कळायला मार्ग नव्हता, आणि मी खरवडून बघितलंही नाही. मी तिथूनच लातूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि माणसांना फसवायला लाज कशी वाटत नाही असं सुनावलं. शिक्षकाच्या आवाजात सुनावलं, त्यामुळं घागरींची रांगसुद्धा सरळ झाली.

त्यानंतर तीन आठवडे मी सुतळी घेऊन हिंडले. लातूरच्या गॅरेजमध्ये, नांदेडच्या गॅरेजमध्ये, जाता-येता लागणाऱ्या प्रत्येक भंगारात. देवणीच्या बाजारात एकानं मला बैलगाडीच्या चाकाची धाव दाखवली आणि म्हणाला, हिला कापू की. शाळेत माझं नाव स्टेरिंगवाल्या बाई पडलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, शाळेची धुरा सोडून कुठं चाललात. अँबॅसिडरची दोन मूळ स्टेअरिंग मिळाली, दोन्ही सुतळीपेक्षा मोठी निघाली. मी म्हटलं, काय हे, सगळ्या दुनियेची स्टेअरिंग मोठी झाली की काय?

शेवटी लातूरला गाड्या सजवायच्या दुकानात सुतळीला तंतोतंत बसणारं एक मिळालं. नवंकोरं, काळं, लाल दोऱ्याची शिलाई. दुकानदार म्हणाला, मॅडम, रेसिंगचा लूक येतो. मी म्हटलं, मिरवणुकीत फोटो घेऊन जायचंय. तो म्हणाला, मग तर छानच.

कमिटीला गाडी दाखवायला तीन दिवस उरलेले असताना नांदेडच्या टर्नरनं त्याचा मधला भाग जुळवून ते गाडीवर बसवलं. अण्णा खुर्चीत बसून सूचना देत होते. मायशी बोलणं अजून बंदच होतं, तिच्यासाठीचे निरोप टर्नरमार्फत जायचे. स्टेअरिंग बसल्यावर अण्णा उठले, गाडीला धरून वाकले आणि उजवा हात त्यावर ठेवला. एक वीत. दोन वीत.

"टाकंटाक," ते म्हणाले. सहा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला इतकं बरं वाटलं की टबांनासुद्धा मी मनातून माफ केलं.

ते आत बसले, गाडी चालू केली. पहिला गेर टाकून गाडी रांगती केली आणि अंगणातल्या लिंबाला वळसा घालायला स्टेअरिंग फिरवलं. ते फिरेना. डाव्या हातानं लावला जोर, उजवा हात नुसता वर राहिला. गाडी सरळ जाऊन न्हाणीच्या भिंतीला हळूच टेकली. टर्नरनं वंगण बघितलं, हवा बघितली. अण्णा म्हणाले, स्टेरिंगच्या खालची गेरची पेटी बिघडली. मग म्हणाले, लाल शिलाईमुळं हात सटकतोय, जुनं कव्हर घाला. आणि पाच आठवड्यांनंतर ते थेट मायशी बोलले, "कव्हर कुठं हाय?"

माय आत गेली. रांजणातलं पाणी तिनं त्या दोन टबांत ओतलं, रांजण कलता केला आणि खालून कव्हर काढलं. इतके महिने तिनं ते रांजणाखाली चुंबळीसारखं घातलं होतं. झटकून, पुसून घेऊन आली आणि नव्या स्टेअरिंगवर चढवलं. लहान पोरानं बापाचा सदरा घालावा तसं ते लोंबायला लागलं. चारी बाजूंनी ढिलं.

"ताणलंय," अण्णा म्हणाले. "रांजणाच्या वजनानं."

"रेक्झिन ताणत न्हाई," माय म्हणाली. "तुमीच सांगितल्यालं."

मग ती पुन्हा आत गेली आणि शिलाई मशीनच्या खणातला टेप घेऊन आली. कुणाला काही न विचारता तिनं अण्णांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. "पसरा," म्हणाली.

अण्णांनी पसरला.

"अजून पसरा."

"पसरलाय की."

तिनं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप लावला आणि मला बोलावलं, कारण तिला बारीक आकडे दिसत नाहीत. मी बघितलं. सात. मी पुन्हा बघितलं. साडेआठ इंचांची वीत, जिच्यावर अख्खा डेपो चालायचा, ती सात इंचांवर आली होती. करंगळी आत वळलेली होती, आणि अण्णांना ती वळली आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या मनात हात पूर्ण उघडलेला होता.

टर्नर भला माणूस. तो म्हणाला, "टेप जुना असंल, अण्णा."

अण्णा हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "टेप बरोबर हाय."

ते उठले आणि काठी टेकत आत गेले, भिंतीकडं तोंड करून झोपले. तिकडूनच म्हणाले, "कमिटीला सांगा, ट्रॉली लावा."

मी मायवर चिडले. माणूस समोर असला की राग काढायला बरं पडतं. "तुला तेव्हाच दिसलं होतं ना? सुतळी धरली तेव्हाच?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू?" ती म्हणाली. "मी रोज त्यांना घास बांधून देते. त्यांना वाटतं लाडानं देते."

मला रडू आलं आणि रडताना एकदम आठवलं, चार बोटं. दोन वितींत तीन इंच कमी, म्हणजे चार बोटं. ते आकाशी स्टेअरिंग. लातूरचा व्यापारी खरं बोलत होता, म्हातारा खरं बोलत होता, आणि मी दोघांना सोडून सुतळीवर विश्वास ठेवला होता. व्यापाऱ्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, बाई, तुम्ही पुन्हा ओरडता का काय म्हणून मी आधी उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघून दुपारी मी त्या खेड्यात पोचले. ग्रामपंचायतीची दांडी अर्थातच आली नव्हती, पाण्याचा दिवस उद्यावर होता. रिकाम्या हातानं कसं मागणार, म्हणून ते लाल शिलाईचं नवं स्टेअरिंग घेऊन गेले होते. गावातल्या वेल्डरनं ते व्हॉल्व्हवर बसवून दिलं. म्हाताऱ्यानं फिरवून बघितलं.

"जड हाय," तो म्हणाला. "लहान हाय ना."

"हो, लहान आहे," मी म्हटलं. "माप चुकलं होतं."

"असू द्या. पण दिसतंय बाकी झ्याक. आता पाणी जोरात येतंय का बघू."

आकाशी स्टेअरिंग मी पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन नांदेडला आणलं. सकाळी माय आणि मी ओसरीत बसून काचेच्या तुकड्यानं रंग खरवडला. आतून साग निघाला. कव्हर चढवून बघितलं तर जसं कधी निघालंच नव्हतं. तो खर्र खर्र आवाज ऐकून अण्णा भिंतीकडून वळले. काठी घेऊन आले, बसले, कव्हर काढायला लावलं. सागावर उजवा हात ठेवला. एक वीत. दोन वीत. पुढं चार बोटं लाकूड उरलं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"बाई, तुझा हात दे."

मी दिला. त्यांनी पंजाला पंजा लावला, अठराव्या वर्षी लावला होता तसा. माझी करंगळी त्यांच्या करंगळीच्या पुढं गेली. पंचवीस वर्षं मी या बोटभर फरकासाठी भांडले होते. तो मला मिळाला तेव्हा नको वाटला. मी हळूच बोटं आत घ्यायला लागले.

"हात आकसू नको," अण्णा म्हणाले. "नीट पसर. माप घ्यायचंय."

मी पसरला. त्यांनी तो धरून सागावर ठेवला. एक वीत, दोन वीत, वर दोन बोटं. मग त्यांनी ती शंभरपानी वही मागवली आणि डाव्या हातानं, पहिलीच्या पोरासारख्या अक्षरात, जुनं खोडून लिहिलं. स्टेरिंग, दोन वीत दोन बोटं, बाईचा हात. मग म्हणाले, चल. आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही गाडीभोवती फिरलो. क्लचला माझी बोटं लावली, दोनच्या जागी अडीच भरली. पट्ट्याला माझा अंगठा लावला. हेडलाइट माझ्या हातानं मोजला. मी वाकत होते, ते लिहीत होते. मध्येच मी म्हटलं, "अण्णा, टेप आहे की." ते म्हणाले, "टेप हरवतो."

मायनं चहा आणला. "तुझे टब कसे हायेत?" त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, चांगले हायेत. त्यांचं भांडण मिटलं ते असं.

कमिटीची माणसं आली तेव्हा गाडी तयार होती. चालवणार कोण, असं त्यांनी भीत भीत विचारलं. अण्णा म्हणाले, "बाई चालवंल." आणि लगेच पुढं म्हणाले, "गेर मी टाकणार." गेर स्टेअरिंगच्या खाली, डाव्या अंगाला. त्यांनी बसायचं माझ्या डाव्या बाजूला, म्हणजे गेरवर येणार उजवा हात. मिरवणुकीत पहिल्या गेरशिवाय काही लागत नाही, एवढंच मी म्हटलं.

जयंतीला ऊन म्हणजे नुसता जाळ होता. मागं चौथऱ्यावर फोटो, कठड्याला धरून माय, पुढं लेझीम, मागं आख्खी वस्ती. स्टेअरिंग इतकं हलकं फिरत होतं की मला अण्णांचा पुन्हा राग आला, एवढ्यासाठी मला पंचवीस वर्षं थांबवलं होतं. पण मिरवणूक दर पन्नास पावलांवर थांबायची आणि मग निघायची वेळ आली की मी क्लच दाबून वाट बघायची. अण्णा हात गेरवर ठेवायचे. बोटं दांडीभोवती यायला वेळ लागायचा. एक एक यायची, करंगळी यायचीच नाही. लेझीमवाले मागं वळून बघायचे, हॉर्न वाजायचे. कमिटीचा एक जण पळत आला आणि म्हणाला, "बाई, गाडी बिघडली का?"

"नाही," मी म्हटलं. "गेर पडतोय."

आणि तो पडेपर्यंत आख्खी मिरवणूक उभी राहिली.